अण्णांच्या खोलीत अजगर

१० डिसेंबर, संध्याकाळ

आज प्राणिसंग्रहालयाच्या इतिहासात माझी नोंद झाली.

सर्पालयातली हीटिंगची यंत्रणा सकाळी बंद पडली. सुटा भाग बाहेरून यायचा, महिना तरी जाणार. लहान साप प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी आपल्या दवाखान्यात नेले. राहिली ती जाळीदार अजगराची मादी. ही जगातली सर्वांत लांब सापांची जात. आमची बाई ऑफिसच्या व्हरांड्याएवढी लांब. दवाखान्यात मावेना. मीटिंगमध्ये संचालकसाहेब एकेकाच्या तोंडाकडे बघत होते आणि प्रत्येक जण टेबलाकडे बघत होता. मी उठलो. म्हणालो, सर, माझ्या घरातली मागची खोली बेकरीच्या भट्टीला लागून आहे. भिंत कायम उबदार. हात टेकवला तर काढावासा वाटत नाही.

साहेबांनी विचारलं, खोली वापरात नाही ना? मी म्हणालो, नाही.

आता हे खोटं म्हणायचं का? अण्णा, म्हणजे माझे सासरे, त्या खोलीत राहतात हे मान्य. पण दिवसभर ते हॉलमध्येच असतात. खोली फक्त झोपायला लागते. झोपलेला माणूस खोली वापरतो असं म्हणता येत नाही. तो झोपलेला असतो.

टाळ्या वाजल्या. दोघांनीच वाजवल्या, पण मनापासून. ऑफिस सुपरिंटेंडेंट म्हणून एवढी वर्षं काढली, टाळी ही पहिलीच.

घरी अजून सांगितलेलं नाही. योग्य वेळ बघून सांगेन.

११ डिसेंबर

योग्य वेळ आली नाही. चहाच्या वेळी हिचं डोकं दुखत होतं. जेवणाच्या वेळी माझं.

१२ डिसेंबर, संध्याकाळ

सकाळी सांगितलं. आधी प्रमोशनचं सांगितलं (साहेब तसं काही बोललेले नाहीत, पण चेहऱ्यावर होतं), मग विज्ञानाची सेवा, मग अजगर. हिने एवढंच विचारलं, "आणि अण्णा?"

मी म्हणालो, हॉलमधला सोफा उघडला की त्याचा पलंग होतो. ती म्हणाली, त्या सोफ्यामागच्या खिडकीची फट तुम्ही लग्न झाल्यापासून बुजवताय. मी म्हणालो, या रविवारी नक्की.

कन्या कॉलेजात जाते, त्यामुळे तिला प्रत्येक गोष्टीत शंका. म्हणाली, बाबा, अजगर घरी ठेवायला परवानगी लागते. मी म्हणालो, परवानगीच्या कागदावर सही करणाऱ्या माणसाचा तू मुलगी आहेस. 'ची' मुलगी, असं तिने सुधारलं. मूळ मुद्दा बाजूला राहिला, हे बरंच झालं.

खरी भीती अण्णांची होती. त्यांना संधिवात आहे. रात्रभर त्या उबदार भिंतीला गुडघे टेकवून झोपलं तरच सकाळी उठता येतं, असं ते म्हणतात. ते भांडणार म्हणून मी मुद्दे तयार ठेवले होते. भक्कम मुद्दे होते. पण अण्णा म्हणाले, "मुकं जनावर आहे, जावईबापू. त्याला थंडी वाजते म्हणून सांगता येत नाही." आणि स्वतःची उशी बगलेत मारून, लोकरीचं पांघरूण खांद्यावर टाकून हॉलमध्ये गेले.

त्यांनी असं करायला नको होतं. ऑफिसात दिवसभर कामात लक्ष लागलं नाही.

१४ डिसेंबर, दुपारी ३

बाईसाहेब आल्या. भल्यामोठ्या कापडी पोत्यात. पोतं उचलायला सहा माणसं, आणि पुढे डोक्याकडची बाजू सांभाळत आमचा रक्षक, ज्याला सगळे पहिलवान म्हणतात. मी सूचना देत होतो. कुणी ऐकत नव्हतं, पण सूचना बरोबर होत्या.

खोली रिकामी केलेली. खिडकीला जाळी, कोपऱ्यात पाण्याची टाकी, दाराच्या वरच्या अर्ध्या भागाला जाड काच. पहिलवानाने पोत्याचं तोंड सोडलं आणि मागे सरला. बराच वेळ काहीच नाही. मग डोकं आलं. लांबट, साधं, मधोमध एक बारीक काळी रेघ, पट्टी ठेवून आखल्यासारखी. डोळे केशरी, बाहुली उभी. मग अंग यायला लागलं ते येतच राहिलं. पिवळसर तपकिरी अंगावर काळ्या रेघांचं जाळं, जाळ्याच्या कडांना सोनेरी झाक, दोन्ही बाजूंना पांढरे ठिपके. खिडकीतलं ऊन पाठीवर पडलं तसे पाण्यावर तेल सांडल्यासारखे रंग सरकत गेले. कन्येसारखी कन्या, तीसुद्धा "आई गं" म्हणाली.

पापण्या नाहीत, त्यामुळे बाईसाहेब जाग्या आहेत की झोपल्यात हे कळत नाही. आमच्या साहेबांना पापण्या असून कळत नाही.

ओठांवर खाचा असतात. त्यांतून तिला ऊब समजते. त्या खाचांच्या जोरावर ती थेट भट्टीच्या भिंतीकडे गेली आणि जिथे अण्णांची खाट होती नेमकं तिथेच वेटोळं घालून बसली. अण्णा काचेतून बघत होते. म्हणाले, "जागा बरोबर निवडली पाहुणीने."

मी काच पुसायला घेतली. बहुधा धूळ.

१६ डिसेंबर

संकल्प: रोज सकाळी एक तास निरीक्षण. त्यावर पुढे पुस्तक. नाव सुचलं आहे, 'जाळीदार अजगराचे अंतरंग'. अंतरंगात काय लिहायचं ते निरीक्षणातून कळेल.

आजचं निरीक्षण: हलली नाही.

१७ डिसेंबर

हलली नाही. एकदा जीभ बाहेर काढली. माझ्याकडे बघून काढली, हे महत्त्वाचं. जिभेने ती वास घेते. म्हणजे ती मला ओळखायला लागली आहे.

जेवताना घरच्यांना माहिती दिली. अजगर विषारी नसतो. दबा धरून बसतो, झडप घालतो, वेटोळ्यात आवळतो, आणि आवळणं इतकं जबरदस्त की भक्ष्याचं रक्तच फिरायचं थांबतं. मग डोक्याकडून गिळतो. ही म्हणाली, सूप निवतंय.

खिडकीची फट राहिली. रविवारी निरीक्षण लांबलं.

१९ डिसेंबर

एक खटकणारी गोष्ट. अण्णा दुपारी काचेपाशी स्टूल टाकून बसतात. रेल्वेत सिग्नलमन होते, एका जागी बसून वाट बघायचा जन्मभराचा सराव. तिच्याशी बोलतात. काल कुठल्या तरी मालगाडीची हकिगत सांगत होते. आणि बाईसाहेब सरपटत काचेपाशी येऊन, डोकं उंच करून, त्यांच्या समोर थांबतात.

मी उभा राहिलो तर येत नाहीत.

हा योगायोग आहे. अण्णांचं अंग गरम असतं, त्यांना थोडी कणकण आहे. ती ऊब ओळखते, माणूस नाही. हे मी अण्णांना समजावून सांगितलं. ते म्हणाले, "असेल बुवा." कणकण आहे हे मी स्वतःच्या तोंडाने बोललो, ते हिच्या कानावर पडलं. संध्याकाळी हिने बोलणं बंद केलं.

अण्णांसाठी जाड मोजे आणले. चांगल्या प्रतीचे. मोजे असताना भिंत कशाला लागते?

२१ डिसेंबर

साडूचा फोन. हिच्या धाकट्या बहिणीचा नवरा. तिसऱ्या मजल्यावर राहतो, खोलीखोलीत हीटर, पडदेसुद्धा बटणावर. मला त्याचा राग येत नाही. फक्त तो बोलायला लागला की माझे दात आवळले जातात. म्हणाला, अण्णांना आमच्याकडे पाठवा थोडे दिवस, त्यांची खोली तशीही तुम्ही सापाला दिलीय म्हणे.

मी म्हणालो, अजगराला. आणि अण्णांना इथे काय कमी आहे?

फोन ठेवला तेव्हा अण्णा सोफ्याच्या हाताला धरून उठायचा प्रयत्न करत होते. मी बघितलं नाही असं दाखवलं, कारण मदतीला गेलो असतो तर त्यांना म्हातारं झाल्यासारखं वाटलं असतं. तिसऱ्या प्रयत्नात उठले.

२४ डिसेंबर, सकाळी ७

भयंकर. बाईसाहेबांचे डोळे दुधाळ झालेत. केशरी रंग गेला, दोन निळसर काचेच्या गोट्या उरल्यात. अंगाची झळाळीही गेली. आंधळी होते आहे. माझ्यामुळे. परवा मी फोटोसाठी टॉर्च मारला होता. साहेबांना काय सांगू? एका मुक्या जिवाची दृष्टी घालवली. राजीनाम्याचा मजकूर मनात तयार केला. चांगला झाला आहे, विशेषतः शेवटचा परिच्छेद.

सकाळी ७.१५

कन्येने मोबाइलमध्ये बघून सांगितलं, कात टाकायच्या आधी डोळ्यांवरची खपलीही सुटते, म्हणून असे दिसतात. मी म्हणालो, मला माहीत होतं, तुझी परीक्षा बघत होतो.

२८ डिसेंबर

कात टाकली. सबंध. ओठांपासून सुरू केली, पाण्याच्या टाकीच्या कडेला घासत घासत मोज्यासारखी उलटी करून आख्खी सोलून काढली. आतून निघाली ती नवीकोरी, ओल्या रंगाची. कातीवर जाळ्याचं सगळं डिझाइन फिकट उमटलेलं, डोळ्यांच्या जागी दोन पारदर्शक टिकल्या. अण्णांनी ती हातात घेऊन उजेडात धरली. म्हणाले, असं आपल्यालाही करता आलं असतं तर गुडघे बदलून घेतले असते. हसले. हसता हसता खोकला आला, तो बराच वेळ गेला नाही.

ऑफिसात कात दाखवली. सगळे म्हणाले, उत्तम निगा राखलीत.

उद्या पहिलवान ससा आणणार. कात टाकल्यावर भूक लागते. मेलेला ससा, कोमट करून द्यायचा. मी त्याला सांगितलं, तू ससा ठेवून जा, खाऊ मी घालेन. तो म्हणाला, साहेब, लांब चिमट्याने द्या, आणि मोकळ्या फरशीवर द्या. मी म्हणालो, पुस्तक कोण लिहितंय, तू की मी?

३० डिसेंबर, संध्याकाळ

काल लिहिण्याच्या मनःस्थितीत नव्हतो. आजही नाही. पण लिहितो.

बेकरी कालपासून बंद. भट्टीच्या विटा बदलतायत. भिंत बर्फ. पहिलवान ससा देताना म्हणाला, गारठ्यात खायला घालू नका, ऊब नसली तर तिला पचत नाही, भिंत तापेपर्यंत थांबा. मी त्याला म्हणालो, मी ठरवतो. कारण साहेबांना फोनवर कळवून बसलो होतो की आज खाणार आहे आणि मी त्याचे फोटो काढणार आहे.

तरी मला तिची काळजी वाटलीच. खोलीत काहीतरी उबदार हवं होतं. हॉलमध्ये सोफ्यावर अण्णांचं पांघरूण पडलेलं. अण्णा अंघोळीला गेलेले. मी ते उचललं. दोन तासांसाठी. फक्त दोन तास.

हे पांघरूण सासूबाईंनी विणलेलं. आजारपणातल्या शेवटच्या हिवाळ्यात, अंथरुणात बसून. लाल आणि निळे चौकोन, कडेला पांढरी किनार. एका कोपऱ्यातला चौकोन अर्धाच आहे.

भिंतीपाशी अंथरलं. बाईसाहेब त्यावर आल्या, मला बरं वाटलं. मग चिमट्याने ससा पुढे केला. पण ती झडप! काच, कॅमेरा, मी, सगळं जागच्या जागी थिजलं. ससा पडला पांघरुणावर, वेटोळी बसली सशाभोवती आणि पांघरुणाभोवतीही. मग तिने गिळायला घेतला. खालचा जबडा दोन्ही बाजूंनी सुटा असतो. आधी डावी बाजू पुढे, मग उजवी. घाई नाही, दया नाही. सशाचे मागचे पाय आत गेले आणि त्यांच्यामागून लाल चौकोन. सशाचा वास लागला होता त्याला. मग निळा. मग लाल. मी चिमट्याने किनार धरून ओढून बघितलं. तिचे दात आतल्या बाजूला वळलेले असतात, गेलेली गोष्ट परत येत नाही. तिने माझ्याकडे बघितलं. मी चिमटा सोडला.

शेवटी तो अर्धा चौकोन दिसत होता. मग तोही गेला.

एकही फोटो निघाला नाही.

अण्णा अंघोळ करून आले, सोफ्यावर बघितलं, इकडेतिकडे बघितलं. मी म्हणालो, ड्रायक्लीनला दिलंय. अण्णा म्हणाले, "बरं."

नुसतं बरं.

१ जानेवारी

नवीन वर्षाचे संकल्प. डॉक्टरीणबाईंना सगळं सांगणे. अण्णांना सगळं सांगणे. हिला सांगणे (आधी त्या दोघांना, मग हिला, म्हणजे दोघांनी माफ केलेलं आहे हे तिला सांगता येईल). खिडकीची फट.

आज सुट्टी. डॉक्टरीणबाई भेटणार नाहीत. उद्यापासून.

भट्टी पुन्हा सुरू झाली, भिंत तापायला लागली आहे. हे शुभलक्षण. कदाचित लोकर पचत असेल. मेंढीच्या अंगावरचीच तर असते. मेंढी पचते, मग लोकर का नाही?

२ जानेवारी

पचत नाही. कन्येच्या मोबाइलमध्ये चोरून बघितलं. केस, नखं, लोकर, काहीच पचत नाही. आतडं बंद होऊ शकतं. एका ठिकाणी 'मृत्यू' असा शब्द होता. पुढचं वाचलं नाही.

तिच्या अंगाच्या मधोमध मोठा फुगवटा आहे. ससा एवढा मोठा नव्हता. हे मला माहीत आहे आणि तिला माहीत आहे. ती पाण्याच्या टाकीत जाऊन बसली आहे, फक्त नाकपुड्या वर. अण्णा स्टुलावर. म्हणाले, "पाहुणीचं काहीतरी बिनसलंय, जावईबापू. माझ्याकडे येत नाही हल्ली." मी म्हणालो, पोट भरलंय तिचं. हे खोटं नाही.

३ जानेवारी

लोकरीच्या दुकानात गेलो. तसंच पांघरूण हवं म्हणालो, लाल निळं, पांढरी किनार. दुकानदारीणबाईंनी विचारलं, कुणी विणलं होतं? मी म्हणालो, सासूबाईंनी. त्या म्हणाल्या, मग त्यांच्याकडूनच आणखी एक करून घ्या ना.

मशीनवर केलेलं एक मिळालं. अण्णांना दिलं. म्हणालो, ड्रायक्लीनवाल्याला उशीर होतोय, तोवर हे. त्यांनी अंगठा आणि बोटात धरून त्याचा पोत बघितला. घडी केली, सोफ्याच्या हातावर ठेवली, आणि अंगात कोट घालून झोपले.

ही विचारत होती, कुठल्या ड्रायक्लीनला दिलंय? मी म्हणालो, ऑफिसजवळच्या. ती म्हणाली, ऑफिसजवळ ड्रायक्लीन नाही. मी म्हणालो, नवीन उघडलंय.

आता मला एक ड्रायक्लीन उघडावं लागणार.

५ जानेवारी, दुपारी

डॉक्टरीणबाईंकडे गेलो. ठरवूनच गेलो होतो. दारापाशी म्हटलं, एक प्रश्न होता, शास्त्रीय. समजा, कुठे तरी, परदेशात समजा, एखाद्या अजगराने कापड गिळलं, तर?

त्यांनी चष्मा वर करून विचारलं, "आपल्या अजगराने काही गिळलंय का?"

इतका सरळ प्रश्न कुणी विचारतं का? मी म्हणालो, छे छे, पुस्तकासाठी. त्या म्हणाल्या, लवकर कळलं तर वाचवता येतं. उशीर झाला तर पोट चिरावं लागतं, आणि एवढी मोठी बाई भूल दिल्यावर उठेलच असं नाही.

मी आभार मानले. जिना उतरलो. परत वर गेलो. दवाखान्याचं दार लागलेलं. मला आत जायचं होतं, हे इथे लिहून ठेवतो.

६ जानेवारी

उद्या नक्की सांगणार. सकाळी नाही, कारण उद्या सकाळी शाळेच्या मुलांसमोर माझं व्याख्यान आहे, 'अजगर: समज आणि गैरसमज'. ते झालं की लगेच.

७ जानेवारी, संध्याकाळ

व्याख्यान उत्तम झालं. मुलांना मी सांगितलं की साप कधी फसवत नाही, फसवतो तो माणूस. वाक्य आयत्या वेळी सुचलं. शिक्षिका लिहून घेत होत्या.

घरी आलो. फाटकात संग्रहालयाची गाडी उभी.

जे घडलं ते हिच्याकडून तुकड्यातुकड्यांत कळलं. अण्णा नेहमीसारखे स्टुलावर बसले होते. बाईसाहेब टाकीतून बाहेर आल्या, काचेसमोर थांबल्या, मान ताणली, जबडा उघडला. आणि आतून, अण्णांच्या समोर, हातभर अंतरावर, पांढरी किनार बाहेर आली. मग निळा चौकोन.

अण्णांनी पांघरूण ओळखलं. ओळखणारच. मग, ही सांगते, ते इतक्या झटक्यात उठले की स्टूल पडलं. हिला हाक मारली आणि म्हणाले, "डॉक्टरणीला फोन लाव. तिचा जीव गुदमरतोय, लवकर." पांघरुणाबद्दल एक अक्षर नाही.

डॉक्टरीणबाई आणि पहिलवान आले. पहिलवानाने डोकं धरलं, बाईंनी कोमट पाणी आणि तेल सोडत सोडत, बाईसाहेब बाहेर टाकतील तसतसं पांघरूण हळूहळू घेतलं. अण्णा काचेच्या या बाजूला उभे होते, शेवटपर्यंत. आधाराशिवाय. शेवटी ससाही आला, अर्धवट पचलेला. पोट चिरावं लागलं नाही. वाचेल म्हणाल्या.

मी दारात उभा होतो. डॉक्टरीणबाई हात पुसत बाहेर आल्या आणि माझ्याकडे बघून एवढंच म्हणाल्या, "पुस्तकासाठी."

पांघरूण हिने तीनदा धुतलं. मागच्या दोरीवर आहे. आक्रसून टॉवेलएवढं झालंय. रंग एकमेकांत गेलेत. वास आहे.

अण्णांनी मला विचारलं, "व्याख्यान कसं झालं?"

मी म्हणालो, बरं झालं.

८ जानेवारी

बाईसाहेबांना परत नेलं. सुटा भाग आला, सर्पालय तापलं. साहेबांनी बोलावलं होतं. ओरडले नाहीत. म्हणाले, तुम्ही सांगितलं असतं तर त्याच दिवशी निघालं असतं. आणि खोलीत म्हणे तुमचे सासरे राहायचे? मी म्हणालो, फक्त झोपायचे. त्यांनी फाइल मिटली. सर्पालयाच्या बाजूला यापुढे फिरकू नका म्हणाले.

मला वाटतं, त्यांनी एकूण प्रकरण फार मनाला लावून घेतलं नाही.

१० जानेवारी

खोली फिनाइलने चार वेळा धुतली. अण्णांची खाट परत लावली, भिंतीला चिकटून. मशीनचं पांघरूण, नवी उशी, पायाशी मोजे. स्वतःच्या हाताने केलं सगळं. खिडकीची फटही बुजवली, हॉलमधली. आता त्या सोफ्यावर कुणी झोपत नाही, पण बुजवली.

अण्णांना म्हणालो, चला. ते आले, खाटेवर बसले, भिंतीला हात लावला. मला वाटलं, आता बोलावं. पूर्ण भाषण तयार होतं. सुरुवात 'अण्णा, मी' अशी होती. तेवढ्यात ते म्हणाले, "खोली मोठी वाटते हो, ती गेल्यापासून."

मी म्हणालो, हो. भाषण राहिलं.

१२ जानेवारी

अण्णांनी सकाळी चहा घेताना सांगितलं की थोडे दिवस धाकटीकडे जाऊन येतो, हवापालट. आवाजात काही नव्हतं. राग असता तर मी काहीतरी केलं असतं. हिने त्यांची बॅग भरली. भरताना एकदाही माझ्याकडे बघितलं नाही. ते आक्रसलेलं पांघरूण तिने बॅगेत सर्वांत वर ठेवलं. अण्णांनी मागितलं होतं म्हणे.

दुपारी साडू गाडी घेऊन आला. गाडीच्या सीटसुद्धा गरम होतात, हे त्याने मला दाखवलं.

अण्णांना बसवलं. काच खाली होती. हाच तो क्षण, मला कळत होतं. मी वाकलो. अण्णांनी माझ्याकडे बघितलं. वाट बघायचा त्यांना जन्मभराचा सराव आहे. ते थांबले होते, मी शपथेवर सांगतो, माझ्यासाठी थांबले होते.

मी म्हणालो, मागच्या चाकात हवा कमी दिसते.

साडू उतरून बघून आला. हवा व्यवस्थित होती.

१५ जानेवारी

घरात फार शांतता. ही बोलते, पण कामापुरतं. कन्येने आज विचारलं, बाबा, तुम्ही आजोबांना सॉरी म्हणालात का? मी म्हणालो, मोठ्या माणसांत असं सॉरीबिरी नसतं, ते समजून घेतात. ती म्हणाली, ते समजून घेतील हो. प्रश्न तुम्ही म्हणालात का, हा आहे.

कन्येचा स्वभाव नेमका कुणावर गेलाय कळत नाही. माझ्यावर तर नाही.

दुपारी मागच्या खोलीत गेलो होतो. भिंतीला पाठ लावून जरा बसलो. उठवेना. इतकं बरं वाटतं तिथे.

मग माझं मलाच कसंतरी झालं, उठलो.

१८ जानेवारी, सकाळी ११

ठरलं. आज. समोरासमोर मला जमत नाही, हे आता मान्य. फोनवर जमेल. ही बाजारात, कन्या कॉलेजला. घर मोकळं. कागदावर मुद्दे लिहिले नाहीत, मनातून येईल ते बोलायचं.

सकाळी ११.४०

साडूच्या घरचा फोन लावला. उचलला गेला. मी वेळच घालवला नाही, कारण घालवला असता तर पुन्हा हवापाण्यावर गेलो असतो. म्हणालो, "अण्णा, मध्ये काही बोलू नका, मला संपवू दे." पलीकडून "हं" आलं.

मी सगळं सांगितलं. साहेबांसमोर खोली रिकामी आहे म्हणालो ते. टाळ्यांसाठी म्हणालो, हेही. तुम्ही सोफ्यावरून उठताना मी पाठ फिरवली होती, हेही. ड्रायक्लीन. सासूबाईंचं पांघरूण मी तुमच्या सोफ्यावरून चोरलं, दुसरा शब्द नाही. पाहुणी मरत होती तरी मी सांगितलं नाही, कारण मला माझं नाव जास्त प्यारं होतं. तुम्ही माझ्याकडे एकदाही तक्रार केली नाहीत आणि मला तुमचा त्याचाच राग येत होता. म्हणालो, अण्णा, तुमच्या मुलीने मला त्या दिवसापासून नावाने सोडा, 'अहो' म्हणूनसुद्धा हाक मारलेली नाही. तुम्ही परत या. नाही आलात तरी चालेल, पण मी चुकलो, एवढं ऐका. चुकलो नाही, वाईट वागलो.

बोलता बोलता मी रडलो. सांगायला लाज नाही. जन्मात पहिल्यांदा एवढं खरं एका दमात बोललो असेन. छातीवरचा धोंडा हलला होता. वाटलं, मी वाटतो तेवढा वाईट माणूस नाही.

पलीकडे कुणीतरी घसा साफ केला.

साडू होता. म्हणाला, "अण्णा खाली बागेत गेलेत, उन्हाला. तासाभराने येतील. ह्यातलं नेमकं काय काय सांगू त्यांना?"

मी म्हणालो, एवढंच सांगा, फोन येऊन गेला.